दादरा आणि बूच : घरगुती कोम्बुचा बाटलीबंद करण्यामागील शास्त्र
(शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

गोषवारा

कोम्बुचा हे आंबवलेल्या गोड चहाचे पेय गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या बाजारपेठेत स्थिरावले असून ते घरी तयार करण्याकडेही कल वाढत आहे. या पेयाच्या आंबवण्याविषयी बरेच लिहिले जाते. बाटलीत भरून बूच लावण्याच्या टप्प्याकडे मात्र केवळ शेवटची कृती म्हणून पाहिले जाते. बूच लावल्यानंतर पेयातील जैविक व्यवहार कसा बदलतो आणि ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील हवामान, वीज, पाणी व वाहतूक यांचा त्याच्याशी कोणता संबंध येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : कोम्बुचा, किण्वन, कार्बन डायऑक्साइड, दाब, मद्यार्क, नीरा.

प्रस्तावना

मराठी घरात आंबणाऱ्या पदार्थाच्या तोंडाशी बूच नसते. लोणच्याच्या बरणीला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला जातो, विरजणावर झाकणी ठेवली जाते, आंबिलीसाठी भिजवलेले नाचणीचे पीठ झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी शिजवून संपवतात. ताडी-शिंदीचे मडके झाडावर उघडेच असते; सकाळी उतरवलेला रस संध्याकाळपर्यंत आंबट होतो हे ठाऊक असल्यामुळे तो त्याच दिवशी प्याला जातो. शहापूर आणि मुरबाडच्या रानात मोहाची झाडे आहेत. मोहाची फुले भिजवून आंबवण्याचे कामही हवा जाऊ-येऊ शकेल अशा भांड्यातच होते. पुढे ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या दारूत जिवंत किण्व उरत नाही, म्हणून ती कोणत्याही बाटलीत वा कॅनमध्ये भरली तरी फुगत नाही. म्हणजे या परिसरातील लोकांना आंबवण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण जिवंत, अजून आंबत असलेले पेय घट्ट बंद करून साठवण्याचा अनुभव त्या ज्ञानात नाही. तशी गरजच कधी पडली नाही.

कोम्बुचा हे पेय या भागाचे नव्हे. ईशान्य चीन, मांचुरिया व रशिया या पट्ट्यात ते रुजले. रशियन भाषेत त्याला ‘चहाची अळंबी’ अशा अर्थाचे नाव आहे, यद्यपि त्यात अळंबीचा संबंध नाही. जपानी भाषेत याच उच्चाराच्या जवळ जाणारा शब्द समुद्रशैवालाच्या चहाला वापरला जातो, त्यामुळे नावाचा घोळ अधिकच वाढला आहे. नाव काहीही असो, हे पेय बाहेरून आले तेव्हा स्वतःबरोबर बूचही घेऊन आले. ग्राहकाला तो सोड्यासारखा फसफसणारा हवा असतो, आणि फसफस मिळवायची तर वायू कोंडावा लागतो. येथेच घरगुती कृतीचे स्वरूप बदलते. स्वयंपाकघरातील काचेची बाटली हे दाबाखालील पात्र बनते.

पेयाची घडण

एक लीटर पाण्यात ५ ते ८ ग्रॅम चहा आणि ७० ते १०० ग्रॅम साखर घालून केलेला कोरा चहा कोमट होऊ दिल्यावर त्यात आधीच्या खेपेतील आंबट पेय साधारण दहावा हिस्सा आणि त्याची जाड, चिवट चकती घातली जाते. विरजण लावण्याची कल्पना असलेल्या कोणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. चकती म्हणजे ॲसेटिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा थर. त्यात आणि भोवतालच्या द्रवात हे जीवाणू आणि अनेक जातींचे किण्व, म्हणजे यीस्ट, एकत्र नांदतात.

या दोघांची कामे वेगळी आहेत. किण्व सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करांत विघटन करतात आणि त्यांपासून इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. जीवाणू ते इथेनॉल घेऊन त्याचे ॲसेटिक आम्ल बनवतात. ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्लही बनते. या आम्लांमुळे पेयाचा सामू उतरत जातो आणि तयार पेयात तो साधारणपणे २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहतो. बहुतेक रोगकारक जीवाणूंना इतके आम्ल माध्यम मानवत नाही. घरगुती कोम्बुचाला जी काही सुरक्षितता आहे ती मुख्यतः या आम्लतेची आहे.

जीवाणूंच्या कामाला ऑक्सिजन लागतो, किण्वांच्या कामाला लागत नाही. भांड्याला दादरा का बांधायचा, याचे उत्तर या एका फरकात आहे. फडके माश्या आणि धूळ अडवते, हवा अडवत नाही. हवा मिळत असेपर्यंत किण्वांनी तयार केलेले इथेनॉल जीवाणू खर्च करत राहतात आणि वायू निघून जातो. मद्यार्क साठत नाही, दाबही साठत नाही.

बूच बसल्यावर

बाटली भरून बूच लावताच हा सहकार मोडतो. बाटलीच्या गळ्यातील थोड्या हवेतील ऑक्सिजन लवकरच संपतो आणि आम्ल बनवणारे जीवाणू जवळजवळ थांबतात. किण्वांना मात्र कोणतीच अडचण नसते. समोर साखर आहे. ते ती खात राहतात. जे इथेनॉल आतापर्यंत दुसरा भागीदार संपवत होता ते आता साठू लागते, आणि जो वायू फडक्यातून निसटत होता तो द्रवात विरघळून राहतो. बाटलीबंद करणे म्हणजे पेय ‘थांबवणे’ असा जो सर्वसाधारण समज आहे तो म्हणूनच उलटा आहे. बुचाने आंबणे थांबत नाही. त्यातील अर्धेच थांबते, आणि थांबते ते नेमके मद्यार्क कमी करणारे अर्धे.

याचे प्रमाण समजण्यासाठी शालेय रसायनशास्त्रातील एक समीकरण पुरेसे आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे आंबलेल्या साखरेचे वजनाने जवळजवळ निम्मे इथेनॉल आणि निम्मा वायू. एका लीटरमागे १० ग्रॅम साखर आंबली तर सुमारे ५ ग्रॅम वायू तयार होतो. बिअरच्या बाटलीत साधारण एवढाच वायू असतो. शीतपेयांत याहून काहीसा अधिक. जिभेला चांगली फसफस जाणवण्यासाठी हे प्रमाण योग्य म्हणता येईल. पण त्याच १० ग्रॅम साखरेपासून ५ ग्रॅमांहून थोडे अधिक इथेनॉलही होते, आणि इथेनॉल पाण्याहून हलके असल्याने आकारमानाने ते सुमारे ०.६५ टक्का भरते. फसफस आणि मद्यार्क एकाच विघटनातून, एकाच प्रमाणात बाहेर पडतात. फक्त किण्वांच्या बळावर बिअरइतका वायू भरायचा आणि मद्यार्क मात्र नगण्य ठेवायचा, हे या समीकरणात बसत नाही. पेयात आधीच विरघळलेला थोडा वायू आणि किण्वांच्या वाढीत खर्ची पडणारी थोडी साखर यांमुळे आकडे किंचित हलतात, दिशा बदलत नाही.

शॅम्पेनच्या धंद्यात बाटलीतील दुसरे किण्वन दीर्घकाळापासून वापरात आहे, पण तेथील परिस्थिती वेगळी आहे. द्राक्षरसातील साखर आधी पूर्ण आंबवून संपवली जाते आणि नंतर दर लीटरला सुमारे २४ ग्रॅम साखर मोजून घालून जाड काचेच्या बाटलीत सुमारे सहा वातावरणांचा दाब मिळवला जातो. साखर संपली की वायू थांबतो. कोम्बुचात साखर संपेपर्यंत आंबवले तर उरतो तो शिरका; कोणी पिणार नाही. म्हणून गोडी शिल्लक असतानाच तो बाटलीत भरतात. आठ-दहा दिवसांनी, आरंभीच्या ८० ग्रॅमांपैकी समजा ४० ग्रॅम साखर उरली असेल, तर त्या लीटरभर पेयात आणखी २० ग्रॅम वायू निर्माण करण्याची क्षमता शिल्लक आहे, हव्या असलेल्या वायूच्या चौपट. आम्लता वाढल्याने आणि पोषकद्रव्ये संपल्याने किण्व मंदावतात हे खरे. परंतु बाटली फुटण्याच्या आधीच ते मंदावतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. घरगुती कोम्बुचाच्या बाटलीला स्वतःची अशी थांबण्याची जागा नाही. तिला थांबवणाऱ्या गोष्टी दोनच : वेळ आणि थंडावा.

उष्म्याचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत शहापूर-मुरबाडच्या आतील भागात पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास व कधी त्याही वर जातो. समुद्राचा वारा ठाणे-मुंबईपुरता राहतो. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या वाटेवर तो पोहोचेपर्यंत तापलेला असतो. कोम्बुचावरील बहुतेक इंग्रजी मार्गदर्शन थंड देशांच्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेले असते. तेथील ‘खोलीचे तापमान’ २० ते २२ अंश. येथील पत्र्याच्या छपराखालील खोलीचे तापमान उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्या दुप्पट भरू शकते. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की किण्वांचा वेग दुपटीच्या आसपास जातो, निदान पस्तिशीपर्यंत. ‘बाटल्या चार-पाच दिवस बाहेर ठेवाव्यात’ ही सूचना मे महिन्यात जशीच्या तशी पाळणे धोक्याचे आहे. दोन दिवसही अधिक ठरू शकतात.

उष्णतेचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे, कारण त्यासाठी किण्वांची गरजच नसते. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात अधिक आणि गरम पाण्यात कमी विरघळतो. वातावरणाच्या दाबाखाली एक लीटर पाणी ५ अंशांना सुमारे २.८ ग्रॅम, २५ अंशांना सुमारे १.४५ ग्रॅम, तर ४० अंशांना जेमतेम १ ग्रॅम वायू धरून ठेवते. आता लीटरला ५ ग्रॅम वायू असलेली तीच बाटली घ्यावी. शीतकपाटात ५ अंशांना आतील दाब वातावरणाच्या पावणेदोन पटीच्या आसपास असतो. बाहेर २५ अंशांना तो साडेतीन पटींच्या जवळ जातो. आणि ४० अंशांना पाच पटींच्या वर. बुचावर व काचेवर पडणारा ताण बाहेरील एक वातावरण वजा करून मोजायचा, म्हणजे तो शीतकपाटातील ताणाच्या सुमारे पाचपट होतो. मोटारगाडीच्या टायरमधील हवेचा जो दाब असतो, त्याच्या साधारण दुप्पट. यात साखरेचा एक कणही नव्याने आंबलेला नाही. आणि १० ग्रॅम वायू झाला असेल तर ४० अंशांना हा आकडा दहा वातावरणांकडे जातो. घरात सापडणाऱ्या बाटल्यांसाठी हा भार गृहीत धरलेला नसतो.

मुरबाडला रेल्वे नाही. तेथून माल जातो तो कल्याणच्या रस्त्याने, एस.टी.ने, जीपने किंवा टेम्पोने. शहापूरकडे आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आहेत. तरी पाड्यापासून स्थानकापर्यंतचा पल्ला उरतोच. सकाळी शीतकपाटातून काढलेली बाटली दुपारच्या उन्हात दोन तास टपावर राहिली तर तिच्यात वर सांगितलेला सर्व प्रवास घडतो. वीज गेली आणि शीतकपाट रात्रभर बंद राहिले तरी तेच. पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीजपुरवठा खंडित होणे ग्रामीण भागात नित्याचे आहे. एकंदरीत, ज्या थंडाव्यावर बाटलीची सुरक्षितता सर्वस्वी अवलंबून आहे, तोच येथे सर्वांत कमी भरवशाचा आहे.

बाटली आणि बूच

वायू कोंडून ठेवणाऱ्या बुचाचा शोध हा एकोणिसाव्या शतकातील सोड्याच्या धंद्याचा मोठा प्रश्न होता. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये त्यावर काढलेला तोडगा भारतात अजूनही यात्राजत्रांतून दिसतो. तो म्हणजे गोटी सोड्याची बाटली. तिच्यात आतील वायूच गोटीला गळ्यातील रबरी कड्यावर दाबून धरतो. दाब जितका अधिक तितके बूच घट्ट. कल्पना सुंदर असली तरी घरगुती कोम्बुचाला ती उपयोगी नाही, कारण ही बाटली यंत्रावर उलटी धरून आधीच दाबलेल्या वायूसह भरावी लागते. जेथे दाब हळूहळू तयार व्हायचा आहे तेथे आरंभी गोटीला वर धरणारे काहीच नसते. १८९२ मध्ये अमेरिकेतील विल्यम पेंटर याने दातेरी कडांच्या पत्र्याच्या बुचाचे एकस्व मिळवले; आजच्या बिअर व शीतपेयांच्या काचेच्या बाटल्यांना तेच असते. ते बसवण्याचे हातयंत्र स्वस्त आहे. तिसरा प्रकार तारेची कडी आणि रबरी चकती असलेल्या झाकणाचा. दिसायला आकर्षक, पण शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या अशा बाटल्यांची काच बहुधा पातळ असते आणि नेमका हाच प्रकार घरोघरी कोम्बुचासाठी वापरला जातो.

बाटली निवडताना तिचा आकार पाहावा. दाब सर्व दिशांनी सारखा पडतो आणि गोल भिंत तो ताण सर्वत्र सारखा वाटून घेते. सपाट भिंत वाकते आणि कोपऱ्याशी तडकते. म्हणून सरबताच्या चौकोनी बाटल्या, मुरंब्याच्या बरण्या आणि दारूची ‘चपटी’ या कामासाठी पूर्णतः त्याज्य होत. ज्या दारूच्या बाटलीत मुळात वायू नव्हता तिची काच दाबासाठी बनवलेली नसते, मग ती गोल का असेना. भंगारवाल्याकडे सहज मिळणारी ६५० मिलीलीटरची बिअरची बाटली त्या मानाने बरी, मात्र तळाशी व तोंडाशी टवका किंवा ओरखडा नसावा. एकाच बाटलीच्या अनेक फेऱ्या झालेल्या असतात आणि काचेचे बळ ओरखड्यागणिक कमी होते.

शीतपेयाची प्लास्टिकची बाटली अनेकांना हलक्या प्रतीची वाटते. दाबाच्या दृष्टीने ती काचेपेक्षा क्षमाशील आहे. ती वायूसाठीच बनवलेली असते, फाटली तरी तिच्या सुया होत नाहीत, आणि तिची भिंत हाताने दाबून पाहता येते. प्रत्येक खेपेत एक बाटली अशी भरावी आणि तिला साक्षीदार मानावे. ती दाबल्यावर टणक लागली की सर्व काचेच्या बाटल्या त्याच क्षणी थंडाव्यात जाव्यात. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

बरणीबद्दलही एक इशारा आवश्यक आहे. जुन्या चिनीमातीच्या बरण्यांच्या चकाकीत शिसे असू शकते आणि कोम्बुचाचे आम्ल ते बाहेर काढते. ऑस्ट्रेलियात मातीच्या चकाकीदार भांड्यात आंबवलेल्या कोम्बुचामुळे शिशाची विषबाधा झाल्याचे प्रकरण १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांची भांडी ताकाला वर्ज्य मानणाऱ्या घरात हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. आंबवण्यासाठी साधी काचेची रुंद तोंडाची बरणी उत्तम.

भरण्याची रीत

पेयाची चव गोड-आंबट झाली आणि सामू ३.५ च्या खाली उतरला की चकती व पुढील खेपेचे विरजण बाजूला काढावे. यानंतरची एक बारीकशी गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. भांड्याच्या तळाशी किण्वांचा गाळ साचलेला असतो. वरचे पेय आधी ओतून शेवटच्या बाटलीत तळ उपसला, तर पहिल्या व शेवटच्या बाटलीतील किण्वांची संख्या फार वेगळी असते. एकाच दिवशी भरलेल्या बाटल्यांपैकी एकीत फसफस नाही आणि दुसरी उघडताच कारंजे, हा अनुभव याच कारणाने येतो. भरण्यापूर्वी पेय हलके ढवळून दाट मलमलीतून गाळून घ्यावे, आणि साक्षीदार बाटली शेवटी भरावी म्हणजे ती इतरांच्या पुढेच धावेल, मागे नाही.

मे महिन्यातील करवंदे, पहिल्या पावसाच्या सुमाराची जांभळे, कैरी, आले हे सर्व या पेयाला मानवते. परंतु पिकलेल्या फळाच्या १०० मिलीलीटर रसात साधारण १० ते १५ ग्रॅम साखर असते, आणि ती बहुतांशी ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या रूपात, म्हणजे किण्वांच्या तोंडाशी तयार. लीटरला ५० मिलीलीटर रस म्हणजे ५ ते ७ ग्रॅम ताजी साखर. रस गाळलेला असावा. गराचे कण बाटलीत राहिले तर उघडताना त्यांच्या पृष्ठभागावरून सर्व वायू एकदम सुटतो आणि अर्धे पेय छताला लागते. बोटाच्या दोन पेरांएवढी जागा वर रिकामी ठेवावी. काठोकाठ भरलेली बाटली तापल्यावर द्रव प्रसरण पावण्यास जागाच उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो.

बाटल्या धुण्याचा प्रश्न येथे वाटतो तितका किरकोळ नाही. भातसा, तानसा, वैतरणा यांचे जलाशय शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. चहाचे पाणी उकळले जाते, म्हणून ते निर्धास्त. बाटली विसळण्याचे पाणी मात्र सहसा उकळलेले नसते. धुण्याच्या सोड्याने व ब्रशने घासलेली बाटली शेवटी उकळून कोमट केलेल्या पाण्यानेच विसळावी. पाण्याची टंचाई असेल तर बाटल्यांची संख्या कमी करावी, विसळण्याचे पाणी नव्हे.

भरलेल्या बाटल्या झाकणाच्या लाकडी पेटीत किंवा जाड खोक्यात, मुलांच्या वावरापासून दूर, घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवाव्यात. रोज बूच सैल करून वायू सोडण्याची रीत सर्रास सांगितली जाते. तिने त्या दिवसाचा दाब उतरतो. साखर तशीच राहते, आणि किती वायू गेला, किती राहिला याचा अंदाज उलट सुटतो. साक्षीदार बाटली आणि थंडावा यांना ती पर्याय नव्हे. उघडताना बाटली पूर्ण गार असावी, तिच्यावर जाड पंचा टाकलेला असावा आणि तिचे तोंड चेहऱ्याकडे नसावे.

विक्रीचा प्रश्न

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात सरबते, लोणची व पापड करणारे महिला बचत गट आहेत, आणि शनिवार-रविवारी माळशेजकडे व माहुलीकडे येणारा शहरी ग्राहकही आहे. अशा गटांना कोम्बुचा सुचवला जाणे स्वाभाविक आहे. सुचवणाऱ्याने दोन गोष्टी आधी सांगितल्या पाहिजेत.

पहिली, मद्यार्काची. भारतातील मद्यार्कयुक्त पेयांविषयीच्या २०१८ च्या अन्नसुरक्षा विनियमांत आकारमानाने ०.५ टक्का ही सीमारेषा आहे. अमेरिकेतही हीच मर्यादा असून, जून २०१० मध्ये तेथील एका मोठ्या विक्रेता-साखळीने काही बाटल्यांत मद्यार्क मर्यादेबाहेर आढळल्यावर आपल्या दुकानांतून कोम्बुचा काढून घेतला होता. बाटल्या कारखान्यातून निघताना निर्दोष असू शकतात. मद्यार्क वाढतो तो फळीवर, बुचाखाली. महाराष्ट्रात तर १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे, आणि त्यातील ‘मद्य’ या संज्ञेच्या व्याख्येत मद्यार्क असलेले सर्व द्रव येतात. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे बिअरइतकी फसफस आणू पाहणारी घरगुती बाटली अर्ध्या टक्क्याची रेषा ओलांडण्याची दाट शक्यता आहे. मोहाच्या फुलांवरून पोलिसांचा ससेमिरा पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आदिवासी कुटुंबांतील स्त्रियांना नकळत त्याच कायद्याच्या दारात नेऊन उभे करणे योग्य नव्हे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. १९९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात कोम्बुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या व त्यांपैकी एक दगावली. पेयाशी संबंध निर्विवाद सिद्ध झाला नाही, तरी रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांनी घरगुती कोम्बुचा टाळावा असा सल्ला सामान्यतः दिला जातो. या पेयाला चिकटवले जाणारे रोगनिवारणाचे दावे लेबलवर लिहू नयेत, कारण त्यांना मानवी चाचण्यांचा भक्कम आधार नाही.

मग मार्ग कोणता? महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. नीरा हा ताडाचा न आंबलेला रस; आंबला की ती ताडी होते आणि कायदा बदलतो. नीरा विकणाऱ्यांनी हा पेच बाटलीच्या बुचाने सोडवला नाही. रस बर्फात ठेवायचा, केंद्रावर पेल्याने विकायचा आणि उरलेला साठवायचा नाही, अशी पद्धत त्यांनी बसवली. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरील नीरा केंद्रे अनेक प्रवाशांच्या परिचयाची आहेत. शहापूर-मुरबाडमध्ये कोम्बुचा विकायचाच असेल तर दादऱ्याखालून काढलेला, गाळलेला, गार केलेला कोम्बुचा जागेवरच पेल्यातून देणे हे सर्वांत शहाणपणाचे. फसफस हवी असल्यास पेल्यात थोडा सोडा मिसळता येतो. तेवढ्याने मद्यार्क वाढत नाही, उलट तो पातळ होतो.

बाटलीतच विकायचा असेल तर वायूचा मोह सोडावा. वायू तयार होण्यापूर्वी पेय ७० अंशांच्या पुढे तापवून काही मिनिटे त्या तापमानात ठेवावे आणि निर्जंतुक बाटलीत गरम असतानाच भरून बूच लावावे. सरबते टिकवण्याची रीत या गटांना अवगत असतेच. किण्व मरतात, दाबाचा व वाढत्या मद्यार्काचा दोन्ही प्रश्न सुटतात. ‘जिवंत पेय’ हा शब्द मग लेबलवर येऊ शकत नाही. फसफसणारी बाटली मात्र अशी तापवू नये : बंद, वायूने भरलेली बाटली गरम पाण्यात ठेवणे म्हणजे वर दिलेला दाबाचा हिशेब ४० अंशांच्याही पुढे नेणे होय.

या सर्वांत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना करण्याजोगे काम भरपूर आहे. सामू मोजणे सोपे आहे. मद्यार्क मोजणे तितके सोपे नाही : साखर आंबून अर्धा टक्का मद्यार्क तयार झाला तरी विशिष्ट घनता अवघी ०.००४ ने उतरते, आणि प्रयोगशाळेतील नेहमीच्या घनतामापीवर ती जेमतेम दोन-चार रेघांची हालचाल असते. शिवाय द्रवातील वायू आधी पूर्ण घालवला नाही तर बुडबुडे मापीला वर उचलतात आणि तयार झालेली आम्लेही वाचन बिघडवतात. नमुना अल्कधर्मी करून ऊर्ध्वपातन करणे आणि पातिताची घनता घनतापात्राने मोजणे, ही पदवीच्या विद्यार्थ्यांना जमणारी जुनी पद्धत अधिक विश्वसनीय ठरते. एकाच खेपेच्या बाटल्या शीतकपाटात, खोलीत आणि पत्र्याच्या छपराखाली, त्याही प्लास्टिकच्या व दाबमापक बसवलेल्या, ठेवून दर बारा तासांनी नोंदी घेतल्या, तर या दोन तालुक्यांच्या मे महिन्यासाठी बाटली किती तास बाहेर ठेवावी याचा आकडा मिळू शकेल. तो आकडा परदेशी पुस्तकांत मिळणारा नाही.